ईएमडी, आल्को आणि ड्रॉइंगची भानगड

रेल्वेचं डिझेल इंजिन म्हणजे आत डिझेल जळतंय आणि त्याच्यावर चाकं फिरतात, असंच बहुतेकांना वाटतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली पोरंसुद्धा ट्रकासारखा खाली कुठंतरी गिअरबॉक्स असणार असं धरून चालतात. गिअरबॉक्स नसतोय मर्दांनो. आतलं डिझेल इंजिन फक्त अल्टरनेटर फिरवतं, त्यातनं वीज होते, ती केबलनं खाली बोगीत, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, जाते आणि तिथं ॲक्सलला टांगलेल्या मोटारी चाकं ओढतात, बास. डिझेल इंजिनाला जागेवरनं जोर देता येत नाही, आधी त्याला आरपीएम पाहिजे. इलेक्ट्रिक मोटारीचं उलटं, ती थांबलेली असतानाच सगळ्यात जास्त जोर लावते. तीन-चार हजार टनाची मालगाडी उभ्यावरनं हलवायची आणि त्यासाठी चार हजार हॉर्सपॉवरचा क्लच बनवायचा, तर तो क्लच पहिल्याच फेरीत जळून कोळसा होईल. म्हणून डिझेल-इलेक्ट्रिक.

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे आमच्या अण्णांबरोबरचा वाद. माझं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फौंड्रीवाल्यांकडनं कास्टिंग येतात, आम्ही बोरिंग-मिलिंग करून देतो, ट्रॅक्टरची कामं जास्त. अण्णा म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले जुने पॅटर्नमेकर, कास्टिंगसाठी लाकडाचे नमुने करणारे, आता काम बंद केलंय पण रोज कुणाच्या ना कुणाच्या शॉपमध्ये येऊन बसतात आणि सगळ्यांना अक्कल शिकवतात. वाद असा होता की धंद्यात ड्रॉइंग ज्याच्या हातात त्याचं राज्य, हे माझं म्हणणं, कारण आमची सगळी हयात दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स गाठण्यात चाललीय. अण्णा म्हणाले, "ड्रॉइंगला काय चाटायचंय व्हय रं, माल चालला पायजे." त्यावर मी त्यांना ईएमडीची गोष्ट सांगितली. ती अर्धी माझ्या बाजूनं आहे आणि अर्धी त्यांच्या, हे सांगता सांगताच लक्षात यायला लागलं.

ईएमडी म्हणजे इलेक्ट्रो-मोटिव्ह डिझेल, आधी जनरल मोटर्सचं इलेक्ट्रो-मोटिव्ह डिव्हिजन. अमेरिकेतली वाफेची इंजिनं जिनं संपवली ती ही कंपनी. पण सुरुवात बघा. १९२२ साली क्लीव्हलँडमध्ये हॅरोल्ड हॅमिल्टन नावाच्या माणसानं भागीदाराबरोबर ती काढली, आणि कंपनीकडं कारखानाच नव्हता! डिझाइन आपलं, डबा एकाकडनं बनवून घ्यायचा, पेट्रोल इंजिन विंटन कंपनीचं, इलेक्ट्रिकचं सामान जनरल इलेक्ट्रिकचं, आणि जोडून झाल्यावर नाव आपलं. एक डब्याची पेट्रोल-इलेक्ट्रिक मोटारगाडी, छोट्या लाइनवर चालवायला, जिथं वाफेचं इंजिन आणि त्याची माणसं परवडत नाहीत तिथं. आपल्याकडं उद्यमनगरात असे किती तरी लोक होते आणि आहेत, स्वतःची लेथसुद्धा नाही, सगळं जॉबवर्कवर, आणि बोर्ड मात्र इंजिनिअरिंग वर्क्सचा. आपण त्यांना हसतो. हॅमिल्टन आधी मोटार ट्रक विकायचा, त्यामुळं त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती की गाडी विकली की काम संपत नाही, तिथनं पुढं सुरू होतं. म्हणून तो गाडीबरोबर माणूस पाठवायचा, रेल्वेच्या माणसांना शिकवायचा, स्पेअरचा बंदोबस्त करायचा. वाफेच्या इंजिनवाल्यांच्या डोक्यात हे असलं काही नव्हतंच.

१९३० ला जनरल मोटर्सनं विंटन आणि ही कंपनी दोन्ही विकत घेतल्या. जीएमचा संशोधन विभाग चार्ल्स केटरिंगकडं होता, मोटारगाडीचा सेल्फ स्टार्टर काढणारा तोच हा माणूस, आणि त्याला हलकं टू-स्ट्रोक डिझेल करायचं खूळ लागलेलं. त्यातनं आलेलं विंटनचं २०१-ए इंजिन १९३४ साली झेफर नावाच्या स्टेनलेस स्टीलच्या गाडीत बसलं आणि ती गाडी डेन्व्हर ते शिकागो हजार मैलांवर अंतर एका दमात, तेरा तासांच्या आसपास, कुठं न थांबता आली. पेपरात फोटोच फोटो. इंजिन मात्र तसं त्रासाचं होतं, म्हणून मग नवीन बनवलं, १९३८ चं ५६७. तोवर शिकागोजवळ ला ग्रेंजला स्वतःचा कारखाना पण झाला होता, १९३५ मध्ये.

आता ५६७ हा आकडा कुठनं आला तर एका सिलिंडरचं घनफळ ५६७ क्युबिक इंच. साडेआठ इंच बोर म्हणजे सिलिंडरची रुंदी, दहा इंच स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव. पुढं बोर वाढवून ६४५ केलं १९६५ च्या सुमारास, आणि मग १९८० च्या दशकात बोर तोच ठेवून स्ट्रोक अकरा इंच केला की झालं ७१०. एवढंच. १९३८ पासूनची तीच व्ही आकाराची ४५ अंशाची मांडणी, तेच टू-स्ट्रोक, थोडं थोडं वाढवत नेलेलं. आमच्याकडं दर दोन वर्षांनी कस्टमर नवीन मॉडेल आणतो आणि जुनी फिक्स्चर भंगारात जातात, त्या मानानं हे बघून लै बरं वाटतं.

अण्णांना इंजिनाच्या आतली रचना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते. एक म्हणजे याचा ब्लॉक कास्टिंगचा नाही. स्टीलच्या प्लेटी आणि फोर्जिंग वेल्ड करून बनवलेला. कोल्हापूरच्या माणसाला हे पचत नाही, एवढं मोठं इंजिन आणि त्यात फौंड्रीला ब्लॉकचं कामच नाही. दुसरं, पॉवर असेंब्ली. हेड, लायनर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड हे सगळं एक सेट धरतात. एखादा सिलिंडर गेला तर शेडमध्ये, म्हणजे इंजिनं दुरुस्त होतात तिथं, तो अख्खा सेट क्रेननं वर उचलून काढायचा, तयार सेट आत सोडायचा, बोल्ट टाइट करायचे, इंजिन रवाना. गेलेला सेट मागं सावकाश दुरुस्त होत राहतो. बाकीच्या पंधरा सिलिंडरना हात पण लागत नाही. लायनरला पाण्याचं जॅकेट त्याचं त्यालाच असतं, त्यामुळं ब्लॉकमधनं पाणी खेळत नाही. सुरुवातीच्या ५६७ मध्ये खेळायचं, आणि सील गळून पाणी ऑइलमध्ये जायचं, तो त्रास होऊन होऊन मग ५६७-सी मध्ये त्यांनी हे बदललं. इंजेक्टरचं पण तसंच, पंप आणि नोझल एकाच तुकड्यात, हेडच्या मधोमध बसलेलं, लांबलचक हाय प्रेशर पाइपच नाहीत, म्हणजे ते फुटायचा प्रश्न नाही. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं रात्रपाळीला ऑइलमध्ये हात घालणाऱ्या फिटरचा विचार केला होता एवढं नक्की. असा विचार करणारे डिझाइनर मला आमच्या धंद्यात फार भेटलेले नाहीत, ड्रॉइंगवर असा कोपरा देतात की तिथं टूलच पोचत नाही.

बरं, तर १९३९. त्यांनी एफटी नावाचं चार युनिटचं इंजिन बनवलं, सगळं मिळून ५४०० हॉर्सपॉवर, नंबर १०३, आणि ते विकायच्या आधी अमेरिकाभर फिरवलं. ११ महिने, २० रेल्वे कंपन्या, ८० हजार मैलांच्या वर. घ्या, तुमचीच गाडी जोडा, तुमच्याच घाटात चालवा, मग बोला. रेल्वेवाले चाट पडले. आणि इथंच ड्रॉइंगचा मुद्दा येतो. वाफेच्या जमान्यात प्रत्येक रेल्वे कंपनीचा चीफ मेकॅनिकल इंजिनिअर स्वतः ड्रॉइंग काढायचा आणि बाल्डविन, आल्को, लिमा या कंपन्या तसं बनवून द्यायच्या, आपल्या भाषेत जॉब शॉपच. ईएमडीनं सांगितलं की ड्रॉइंग आमचं. रंग तुम्ही सांगा, बाकी काही बदलणार नाही. त्यामुळं किंमत खाली आली, स्पेअर एकसारखे झाले, एका रेल्वेचा फिटर दुसऱ्या रेल्वेत गेला तरी इंजिन तेच. वीसेक वर्षांत अमेरिकेत मेन लाइनवरची वाफ संपली, बाल्डविननं १९५६ ला इंजिनं बनवणं थांबवलं, लिमा त्याच्या आधीच त्यांच्यातच विलीन झाली होती. युद्धाचा पण फायदा झाला हे मान्य केलं पाहिजे, सरकारनं युद्धकाळात कुणी काय बनवायचं ते वाटून दिलं आणि मालगाडीचं मोठं डिझेल ईएमडीच्या वाट्याला आलं, आल्कोला शंटिंगची इंजिनं आणि वाफ. त्याच काळात तेच ५६७ इंजिन रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजांत पण बसलं, एका जहाजात दोन, आणि अशी जहाजं हजारावर बांधली गेली. आजसुद्धा टग बोटींमध्ये ईएमडी इंजिनं असतात.

इथपर्यंत मी जिंकत होतो. ड्रॉइंग ज्याचं, राज्य त्याचं.

मग भारत. १९६२ साली आपल्या रेल्वेनं दोन्ही कंपन्यांची २६०० हॉर्सपॉवरची इंजिनं आणली, आल्कोचं डब्ल्यूडीएम-२ आणि ईएमडीचं डब्ल्यूडीएम-४. ईएमडीची ७२ आली आणि ती काय खराब नव्हती, १९६९ ला पहिली राजधानी सुरू झाली तेव्हा पुढं तीच होती. पण वाराणसीत आपला कारखाना उभा राहत होता आणि आपल्याला इंजिन नको होतं, इंजिन बनवायची विद्या पाहिजे होती. आल्को ड्रॉइंगसकट सगळं द्यायला तयार झाली, जीएम झाली नाही. झालं, कारखान्यातनं जानेवारी १९६४ मध्ये पहिलं इंजिन बाहेर पडलं ते आल्कोचं, आणि पुढं अडीच हजारांच्या वर डब्ल्यूडीएम-२ बनली. गंमत म्हणजे खुद्द आल्को १९६९ ला बंद पडली. तिला इलेक्ट्रिकचं सामान देणारी जनरल इलेक्ट्रिक स्वतःच इंजिनं बनवायला लागली आणि आल्कोचं गिऱ्हाईक घेऊन गेली. (सप्लायर कधी समोर दुकान टाकेल सांगता येत नाही, हे आमच्याकडं कुणाला सांगायला नको.) मूळ कंपनी मेली आणि डब्ल्यूडीएम-२ मधलं तिचं २५१ नावाचं डिझेल इंजिन मात्र वाराणसीत जगलं, आपल्या लोकांनी ते २६०० वरनं ३१०० केलं, मग ३३०० केलं, श्रीलंका, बांगलादेश, व्हिएतनामला विकलं. दत्तक गेलेल्या पोरानंच घराण्याचं नाव चालवावं तसं झालं. आणि अमेरिकेत नासाचा तो अगडबंब क्रॉलर आहे ना, रॉकेट उभंच्या उभं लाँच पॅडपर्यंत वाहून नेणारा, अपोलोची चंद्रावर जाणारी रॉकेटं ज्यानं नेली, त्याच्यात पण दोन आल्को इंजिनंच आहेत, प्रत्येकी २७५० हॉर्सपॉवर. ताशी एक मैलाच्या आसपास चालतो.

आमच्या पिढीला कोल्हापूर स्टेशन म्हणजे आल्कोच. मिरज-कोल्हापूर लाइन संस्थानच्या काळातली, १८९१ ची, तेव्हा मीटरगेज होती, मोठी लाइन १९७१ च्या सुमारास झाली. महालक्ष्मी असो नाहीतर कोयना, पुढं पुणे शेडचं आल्को, आणि गाडी सुटली की परीख पुलाच्या बाजूला काळ्या धुराचा लोट, कपडे वाळत घातलेल्या बायका शिव्या द्यायच्या. तो धूर का यायचा तर आल्कोचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, फक्त धुराच्या जोरावर फिरतो, ड्रायव्हरनं नॉच म्हणजे वेगाच्या दांड्याची पायरी वाढवली की डिझेल लगेच वाढतं पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, तोपर्यंत हवा कमी आणि डिझेल जास्त, मग काळं. ईएमडीचं टू-स्ट्रोक असल्यामुळं त्याला सुरुवातीपासूनच हवा बाहेरनं ढकलावी लागते, म्हणून त्यांनी टर्बोला गिअर आणि एकाच दिशेनं पकडणारा क्लच लावला, खालच्या नॉचला इंजिनच टर्बो फिरवतं आणि वर गेलं, धुराचा जोर पुरेसा झाला की क्लच सुटतो आणि टर्बो आपला आपला पळतो. त्यामुळं धूर कमी. आवाज पण वेगळा, आल्को खडखड करत अडखळल्यासारखं बोलायचं, ईएमडी एका सुरात घुमत राहतं आणि वर टर्बोची शीळ. वळिवडेच्या बाजूनं गाडी येताना डोळे मिटून सांगायचं कुठलं आहे ते. मी तरी सांगायचो, आणि पैजेचा चहा प्यायचो.

मग १९९० च्या दशकात जीएमची गुर्मी उतरली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक पुढं गेली होती, ऑर्डरी पाहिजे होत्या, आणि १९६२ ला जे नाही म्हणाले होते तेच १९९५ च्या करारात द्यायला तयार झाले. काही इंजिनं तयार, काही सुट्ट्या भागांत, आणि बरोबर ड्रॉइंग, तंत्रज्ञान, सगळं. डब्ल्यूडीजी-४ मालगाडीचं, १९९९ ला आलं, डब्ल्यूडीपी-४ पॅसेंजरचं, २००१ ला. १६ सिलिंडरचं ७१०, चार हजार हॉर्सपॉवर. पण खरा फरक इंजिनात नव्हता, मोटारीत होता. जुन्या डीसी मोटारी जाऊन एसी मोटारी आल्या, ब्रश नाही, कम्युटेटर नाही, आणि कंट्रोल असा की चाक घसरायला लागायच्या आत कॉम्प्युटरला कळतं आणि तो जोर कमी-जास्त करतो. आकडा सांगतो, डब्ल्यूडीएम-२ उभ्यावरनं ३० टनांच्या आसपास ओढ लावायचं, डब्ल्यूडीजी-४ ची ५४ टन. हॉर्सपॉवर दीडपट आणि ओढ पावणेदोनपट. हुबळी शेडला ही इंजिनं दिली आणि कॅसलरॉक ते कुळे घाटात, १:३७ चढाच्या त्या दूधसागरच्या लाइनवर, त्यांनी काय काम केलं ते तिकडं जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. पॅसेंजरचं पहिलं डब्ल्यूडीपी-४ मात्र जरा फसलं, त्याला सहा ॲक्सलवर चारच मोटारी होत्या, सुटताना चाकं घसरायची, नंतर सहा मोटारी देऊन डब्ल्यूडीपी-४बी केलं आणि मग दोन्हीकडं केबिन असलेलं ४डी, साडेचार हजारांचं. त्यामुळं कोल्हापूरसारख्या शेवटच्या स्टेशनवर एक सोय झाली, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावलं की काम झालं, ड्रायव्हरला लांब हूडच्या मागनं मान वाकडी करून बघत बसायला नको.

आता अण्णांची बाजू. त्यांचं म्हणणं, "आम्ही उद्यमनगरात ऑइल इंजिनं केली ती कुणाच्या ड्रॉइंगवर? परदेशी इंजिन सोडलं, पार्ट मोजला, लाकडाचा पॅटर्न केला, ओतला. गुऱ्हाळं चालली, नदीचं पाणी शेतात चढलं." खरं आहे, आणि कोल्हापूरची फौंड्री उभीच त्याच्यावर राहिली, हे मी नाकारत नाही. पण मोजून पार्ट मिळतो, अण्णा, त्याचं मटेरियल का तेच, हीट ट्रीटमेंट किती, क्लिअरन्स अमुकच का, हे मोजून कळत नाही. वाराणसीवाले आल्कोला ३३०० पर्यंत नेऊ शकले कारण त्यांच्याकडं का-चं उत्तर होतं. आपली बरीच ऑइल इंजिनं जिथं होती तिथंच राहिली. यावर अण्णा म्हणाले की मग तुझ्या त्या ईएमडीकडं सगळी ड्रॉइंगं होती, तिचं काय झालं?

इथं मला जरा थांबावं लागलं. कारण झालं असं, की २००५ ला जीएमनं ईएमडी विकून टाकली, २०१० ला कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेलनं ८२ कोटी डॉलरला घेतली. कॅनडात लंडन म्हणून गाव आहे, तिथं त्यांचा मोठा प्लँट होता, २०१२ च्या १ जानेवारीला कामगारांना बाहेर ठेवून टाळं लावलं, पगार जवळजवळ निम्म्यावर आणायची मागणी होती, आणि महिन्याभरात प्लँटच बंद करून टाकला. काम इंडियानातल्या मन्सीला गेलं. मग अमेरिकेत २०१५ पासून धुराचे नवे नियम आले आणि ज्या टू-स्ट्रोक ७१० वर सगळं राज्य उभं होतं ते त्या नियमात बसेना. घाईघाईनं नवीन फोर-स्ट्रोक काढावं लागलं, १०१० नावाचं, तोपर्यंत जनरल इलेक्ट्रिकचं फोर-स्ट्रोक नियमात बसून विकलं जात होतं. पंचाहत्तर वर्षं एकच ड्रॉइंग सुधारत बसल्याचा हा तोटा. आपल्याकडंही बिहारात मढौराला एक हजार डिझेल इंजिनांची ऑर्डर २०१५ ला मिळाली ती जनरल इलेक्ट्रिकला, आता तो धंदा वॅबटेककडं आहे, आणि तिथनं आफ्रिकेत गिनीला इंजिनं जायला लागलीत.

अण्णा खूश झाले, चहा माझ्याकडनंच घेतला.

आता कोल्हापूरलाही वायर आलीय, इलेक्ट्रिक इंजिनं येतात, वाराणसीचा कारखानासुद्धा मुख्यतः इलेक्ट्रिकच बनवतो. २०१८-१९ ला तिथं जुन्या डिझेल इंजिनांची जोडी इलेक्ट्रिकमध्ये बदलून दहा हजार हॉर्सपॉवरचं एक धूड पण केलं होतं. काही लोक हळवे होतात डिझेल गेलं म्हणून, मी तेवढा होत नाही, परीख पुलाजवळ राहणाऱ्याला विचारा धुराचं कौतुक. शिवाय खालच्या एसी मोटारी आणि त्यांचा कंट्रोल डिझेलला काय आणि वायरला काय, जात एकच, फक्त वीज वरनं येते.

माझं एक काम मात्र राहिलंय. पॉवर असेंब्ली प्रत्यक्ष काढताना मला बघायची आहे. पुण्याच्या घोरपडी नाहीतर हुबळी शेडला काम केलेलं कुणी हे वाचत असेल तर एवढं सांगा, एक सेट काढून दुसरा बसवायला खरोखर किती वेळ लागतो, आणि लायनरची सील बसवताना तुम्ही काय लावता, साबणाचं पाणी की ऑइल? आमच्याकडं त्यावरनंही वाद सुरू झालाय.